इनासच्या शेजारची खोली

मृणालिनी : पोलीस घरात येतो, सोफ्यावर बसून चहा पितो, आणि मला ते संध्याकाळी लिफ्टमध्ये हिरलबेनकडून कळतं. बाबा, खालच्या वॉचमनला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते हो आपल्या घराची.

बबन : चहा अर्धाच प्यायला तो. बिनसाखरेचा होता ना. साखर तू वरच्या फळीवर नेऊन ठेवलीस.

मृणालिनी : विषय साखरेचा नाहीये!

बबन : मग आवाज कशाला चढवतेस? पिंकी ऐकेल.

मृणालिनी : पिंकी खाली बागेत आहे, नीरजबरोबर. अर्धा तास आहे आपल्याकडे. आता सरळ सांगा, पोलीस कशाला आला होता?

बबन : पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला. जुन्या पासपोर्टवर परळचा पत्ता होता. आता जेसल पार्कचा टाकला. माणूस खरंच इथं राहतो का, ते बघायला येणारच ना ते.

मृणालिनी : पण पासपोर्ट हवाय कशाला? बोट सोडून अकरा वर्षं झाली तुम्हाला.

बबन : हिरलबेनने सांगितलं नाही?

मृणालिनी : हिरलबेन म्हणाली, "बधाई हो, बाबूजी तो इटली में सेटल हो रहे हैं, मिठाई कब?" मी म्हटलं, सी विंगमधल्या कुणाचं तरी सांगतेय ही. मी हसले पण. मग ती म्हणाली, साक्षीदार म्हणून सही मीच केली.

बबन : दोन शेजारी लागतात सहीला. दुसरे वरचे मेनन. हवालदाराने विचारलं, कशासाठी जाताय? आता पोलिसाशी खोटं कशाला बोलू?

मृणालिनी : पोलिसाशी नाही. मुलीशी चालतं.

बबन : मुलीशी खोटं नाही बोललो. मुलीशी बोललोच नाही.

मृणालिनी : वा! आणि आज बारा ते एक हॉलमधला कॅमेरा बंद होता. मी ऑफिसातून तीन फोन केले. तुम्ही म्हणालात, लाइट गेली.

बबन : ते खोटं होतं. ते मोज.

मृणालिनी : बरं. शांतपणे. फिरायला जायचंय का तुम्हाला? मग तसं सांगा ना. सिनियर सिटिझनच्या टूर असतात. सोबत डॉक्टर असतो, पोहे-उपमा देतात सकाळी. दहा दिवस जा, रजा टाकते मी.

बबन : फिरायला नाही. राहायला.

मृणालिनी : किती दिवस?

बबन : कायमचा. रिटायर व्हायचंय मला.

मृणालिनी : अहो, तुम्ही रिटायरच आहात!

बबन : कुठे? सहाला दूध. सातला पिंकीला उठवा, साडेसातला वेण्या. त्या दोन सारख्या उंचीवर पाहिजेत तिला, नाहीतर रडते. नऊला प्लेस्कूलची व्हॅन, बाराला परत व्हॅन. मग भात, मग झोप, चारला फळ, पाचला बाग. बोटीवर फिटर होतो तर आठ तास काम केलं की संपलं. आणि इंजिनरूममध्ये छतातून आवाज नाही यायचा, "बाबा, पंखा चारवर का आहे?"

मृणालिनी : ते मी एकदा म्हटलं. तिला सर्दी होती.

बबन : काल दोनदा म्हटलंस. परवा म्हणालीस, "बाबा, तिच्या तोंडात काय आहे?" मी इतका दचकलो की ताट सांडलं.

मृणालिनी : शेंगदाणा होता तिच्या तोंडात. साडेतीन वर्षांच्या मुलीला अख्खा शेंगदाणा देत नाहीत बाबा, घशात अडकतो. कितीदा सांगितलंय.

बबन : अर्धा करून दिला होता. ते तुझ्या कॅमेऱ्याला नाही दिसलं.

मृणालिनी : म्हणजे ह्या कॅमेऱ्यावर रुसून तुम्ही देश सोडताय? सांगायचं ना, मी त्याचा स्पीकर बंद करते. झालं? पासपोर्टचं काय असेल ते कॅन्सल करा.

बबन : रुसून नाही. रुसायला मी काय पिंकी आहे?

मृणालिनी : मग इटलीच का? आपलं कोण आहे तिथे?

बबन : इनास आहे.

मृणालिनी : कोण इनास? उत्तनचे? ज्यांच्या घरून आपल्याला सुकट यायची?

बबन : तोच. इनास घोन्साल्विस. बोटीवर आमचा स्वयंपाकी होता. तुझ्या जन्माच्या आधीच्या वर्षी आमची बोट अडकली होती ना तिथे, ते सांगितलंय मी तुला.

मृणालिनी : शंभर वेळा. मालक पळाला, पगार नाही, बंदरात साडेपाच महिने.

बबन : साडेपाच महिने, अठरा माणसं. बोट सोडून घरी जायचं तर पगार बुडाला. गावातल्या बायका पाव आणून द्यायच्या. टोमॅटो, मासे. आम्ही त्यांचे पंप दुरुस्त करून द्यायचो, होड्यांची इंजिनं बघायचो. इनासने त्यातल्याच एकीच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. मी परत आलो. तुझी आई होती इथे, म्हणून आलो.

मृणालिनी : आणि आता आई नाही, म्हणून चाललात. मी आहे, त्याचं काही नाही.

बबन : असं म्हटलं का मी?

मृणालिनी : मग काय आहे हो तिथे एवढं?

बबन : काही नाही. तेच तर आहे. दुपारी एक ते चार गाव बंद. दुकानं बंद, खिडक्या बंद. रस्त्यावर एक कुत्रा, तोही झोपलेला. बंदराच्या मागे मिठागरं. संध्याकाळी म्हातारी माणसं खुर्च्या बाहेर काढून बसतात आणि बोलत नाहीत. कुणी विचारत नाही, का बसलात, जेवलात का, गोळी घेतलीत का.

मृणालिनी : मिठागरं! बाबा, भाईंदरात राहून तुम्हाला मिठागरं बघायला इटलीला जायचंय? रिक्षा करून देते मी, वीस मिनिटांत मिठागर.

बबन : इथल्या मिठागरावर तू अर्ध्या तासात फोन करशील, कुठे आहात म्हणून.

मृणालिनी : करणार! कारण तुम्ही सांगून जात नाही.

बबन : सांगून गेलो तरी करतेस.

मृणालिनी : आणि राहणार कुठे? इनासकाकांच्या घरी?

बबन : त्याच्या शेजारची खोली आहे. त्याच्याच सासूची होती, रिकामी पडलीय. खिडकीतून बंदर दिसतं. भाडं नको म्हणतो. माझी पेन्शन, परळच्या खोलीचं भाडं, तेवढ्यात भागेल. भाषा पण शिकतोय मी. मंगळवारी आणि गुरुवारी, मोबाइलवर.

मृणालिनी : मंगळवारी आणि गुरुवारी. म्हणजे कॅमेऱ्याची लाइट जाते ते दोन दिवस. आणि मी मूर्ख, इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लग बदलून घेतला!

बबन : चांगला बसवला त्याने. आता सहज निघतो.

मृणालिनी : हसू नका. पिंकीचं काय? ह्याचा विचार केलाय? माझी नोकरी सुटेल बाबा. आठ महिन्यांपूर्वी परत लागलेय मी. व्हॅनमधून तिला कोण उतरवणार? पाळणाघर नको, ते आधीच सांगते. नवघरच्या त्या पाळणाघरात काय झालं ते आठवतंय ना? दुपारभर ओल्या कपड्यात होती ती.

बबन : पाळणाघर नाही. हिरलबेनची धाकटी बहीण येईल, घरी. बारा ते सहा. पिंकीला आवडते ती. सोमवारी आणि शुक्रवारी नीरज घरूनच काम करतो.

मृणालिनी : नीरज सोमवारी ऑफिसला जातो.

बबन : पुढच्या महिन्यापासून नाही जाणार. विचारून घेतलंय त्याने.

मृणालिनी : एक मिनिट. नीरजला माहितीये?

बबन : पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म मला एकट्याला भरता येतो का?

मृणालिनी : नीरजने भरला फॉर्म. हिरलबेनने सही केली. तिच्या बहिणीचं ठरलं. हवालदाराला माहिती, मेननना माहिती. तुमचं सगळं ठरलंय, फक्त मला निरोप द्यायचा राहिला होता! आणि नीरज आज एवढ्या प्रेमाने मुलीला घेऊन खाली का गेला ते आत्ता कळतंय मला. एरवी चार हाका मारल्या तरी लॅपटॉप सोडत नाही.

बबन : त्याला ओरडू नकोस. मीच म्हटलं, तिला मी सांगेन.

मृणालिनी : कधी? विमानातून?

बबन : रोज ठरवायचो. तू घरी आलीस की आधी तिचं कपाळ बघतेस, मग तिचा डबा, मग तो मोबाइल काढून दुपारचं सगळं परत बघतेस, पुढे पुढे ढकलत. मग मला विचारतेस, तीन वीसला तुम्ही बाल्कनीत किती वेळ होता? त्यात कुठे सांगू मी, मला जायचंय म्हणून?

मृणालिनी : बाल्कनीचं दार उघडं होतं तेव्हा.

बबन : जाळी आहे बाल्कनीला. तीन हजार रुपयांची जाळी लावलीस.

मृणालिनी : बाबा, मला कळतं मी जरा जास्त करते. सगळे सांगतात. डॉक्टरने पण सांगितलं. पण त्यासाठी माणूस इटलीला जातो का? बोला ना मला. ओरडा. तुम्ही कधी ओरडतच नाही, एकदम पासपोर्ट काढता.

बबन : ओरडलो असतो. नंतर तूच ते ओरडणं परत परत लावून बघितलं असतंस.

मृणालिनी : हे लागलं मला.

बबन : लागावं म्हणून नाही बोललो. बाय, ऐक. गेल्या महिन्यात, चौदा तारखेला, दुपारी मी हॉलमध्ये वाटाणे सोलत बसलो होतो. पिंकी गाडी खेळत होती. आणि काही कारण नाही, मला तुझी आई आठवली. वाटाणे सोलताना ती दर चार शेंगांनी एक खायची, म्हणायची, हे मजुरीचे. मला रडू आलं. आता सहासष्ट वर्षांचा माणूस, घरात दुसरं मोठं कुणी नाही, रडला तर काय होतं? आणि वरून तुझा आवाज आला. "बाबा, डोळ्याला काय झालं? कांदा कापताय का? पिंकीसमोर नका ना." मी म्हटलं, हो, कांदा.

मृणालिनी : मला वाटलं कांदाच.

बबन : समोर परातीत वाटाणे होते.

मृणालिनी : माझी मीटिंग चालू होती. स्क्रीन एवढीशी. मला फक्त तुम्ही डोळे पुसताना दिसलात.

बबन : तेच. मला तेवढंच पाहिजे. एक खोली, तिथे मी डोळे पुसले तर कुणाला दिसणार नाही. दुसरं काही नाही माझं गाऱ्हाणं. तू वाईट नाहीस. तू तुझ्या मुलीवर लक्ष ठेवतेस, ठेवायलाच पाहिजे.

मृणालिनी : तो पिंकीसाठी नाहीये.

बबन : काय?

मृणालिनी : कॅमेरा. पिंकीसाठी नाही लावला मी. पिंकी साडेबारा ते साडेतीन झोपते, आतल्या खोलीत. आतल्या खोलीत कॅमेरा आहे का? हॉलमध्ये आहे. तो तुमच्यावर आहे.

बबन : माझ्यावर? मी काय चोरी करतो?

मृणालिनी : आई पडली तेव्हा सव्वा वाजला होता, डॉक्टर म्हणाले. शेजारच्या सरूबाई पातेलं परत द्यायला आल्या चार वाजता. पावणेतीन तास ती स्वयंपाकघरात पडलेली होती आणि कुणाला माहिती नव्हतं. कुणालाच. आणि तुम्ही घरी का नव्हता? तुम्ही इथे होता. मीच बोलावलं होतं, पिंकीला ताप आहे, लगेच या. नव्याण्णव होता. नव्याण्णवला कोणी तापसुद्धा म्हणत नाही बाबा. मी उगाच घाबरले आणि तुम्हाला परळहून इथे ओढून आणलं.

बबन : अडीच वर्षं हे घेऊन बसलीस तू?

मृणालिनी : दुपारी एक वाजला की ऑफिसात सगळे डबे उघडतात आणि मी मोबाइल उघडते. तुम्ही खुर्चीत दिसलात, पाय हलताना दिसला, की मग मी जेवते. पंखा चारवर आहे, हे मी उगाच म्हणते. तुम्ही उत्तर देता का ते बघायला.

बबन : त्या दिवशी मी परळला असतो ना, तरी एक ते चार खाली कॅरम खेळत बसलो असतो. रोज खेळायचो. मंदा वर, मी खाली. सरूबाईच आधी पोहोचल्या असत्या. हे मी स्वतःला सांगितलंय पुष्कळदा. तुला सांगायला पाहिजे होतं.

मृणालिनी : मला बरं वाटावं म्हणून बोलताय.

बबन : चाळीत विचार कुणालाही. गणेश, धर्माजी, मी आणि आमचा पोस्टमन. चहा पण खालीच यायचा.

मृणालिनी : मग तर अजिबातच नाही जाऊ देणार मी तुम्हाला. तिथे एकट्या खोलीत दुपारी पडलात तर? तुमच्या त्या गावात तर खिडक्या पण बंद!

बबन : इनास आहे ना शेजारी.

मृणालिनी : लावा फोन इनासकाकांना. आत्ता. मला बोलायचंय त्यांच्याशी.

बबन : काय बोलणार?

मृणालिनी : मुलीला शाळेत घालताना शाळेला विचारतात ना प्रश्न? तसे विचारणार. लावा.

(बबन मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवतो. दोन-तीन रिंगनंतर व्हिडिओ कॉल लागतो.)

इनास : काय रं बबन! पासपोट आला काय?

बबन : पोलीस येऊन गेला. येईल आठ-दहा दिवसांत. ही माझी मृणाल. तिला बोलायचंय तुझ्याशी.

इनास : मंदावयनीची पोर? आयो, केवरी मोठी झाली! बरी हाय ना गो?

मृणालिनी : बरी आहे काका. मला जरा माहिती हवीय. घराला जिना किती पायऱ्यांचा आहे?

इनास : जिना? थांब, मोजायला लागल. सोळा. न्हाय, सतरा.

मृणालिनी : कठडा आहे?

इनास : एका बाजूला हाय.

मृणालिनी : हॉस्पिटल किती लांब?

इनास : तीस किलोमीटर. पन गावान डाक्तर येतो. बुधवारी.

मृणालिनी : बुधवारी?

इनास : आनि शुक्रवारी. दोन दिस.

मृणालिनी : आणि सोमवारी कुणी आजारी पडलं तर?

इनास : सोमवारी कोन पडत न्हाय आजारी. लय शांत गाव हाय पोरी. म्हंजे मी परलो तवा सोमवारच व्हता, पन—

बबन : इनास, ते राहू दे.

मृणालिनी : राहू दे काय? काका, तुम्ही पडलात? कधी?

इनास : बबन बोलला न्हाय? मार्चमदी. जिन्यावरून परलो, खुबा मोरला. संध्याकाली परलो तो दुसऱ्या दिवशी दुपारला पाववाली आली तवा तिना बगितला. रातभर आडवा. हाका मारल्या, पन कोन ऐकनार? सगल्यांच्या खिरक्या बंद. पोरगा मिलानला, बायको गेली तीन वर्सांमागं. मराठी बोलायला मांजर हाय एक. तिला न्हाय कलत.

मृणालिनी : बाबा, हे तुम्हाला माहिती होतं?

बबन : माहिती होतं.

मृणालिनी : हे माहिती असूनही तुम्ही—

इनास : म्हनून तर बलावला त्याला. माजा गुडगा चालत न्हाय, खुबा चालत न्हाय, पन हात चालतो. दोन खोल्यांमदी एक भिंत हाय. बबन बोलला, रोज सकाली मी ठोकीन, तू परत ठोक. न्हाय ठोकलास तर मी येतो. आनि दुपारला मी ठोकनार, तो उत्तर देनार. असा ठरला आमचा.

मृणालिनी : थांबा काका. बाबा, इकडे बघा. माझा कॅमेरा नको म्हणून तुम्ही सातासमुद्रापलीकडे चाललात, आणि तिथे जाऊन काय करणार? दुसऱ्याचा कॅमेरा होणार?

बबन : भिंत आहे ती. तिला नुसतं ठोकायचं. मी डोळे पुसतोय का, कांदा कापतोय का, त्याला कळत नाही. मी आहे, एवढं कळतं.

मृणालिनी : आणि मला काय कळणार? इथे बसून?

इनास : पोरी, तो काय कायमचा येतो काय? तसा कागदच मिलत न्हाय. कायम रहायला लय मोठी पेन्शन दाखवावी लागते, बबनला कुठं तेवरी? नव्वद दिस रहायचा, मंग परत. मंग तीन म्हयन्यानी परत यायचा. अर्दा वरीस हितं, अर्दा तितं.

मृणालिनी : नव्वद दिवस? बाबा! तुम्ही मला अर्धा तास कायमचं, कायमचं म्हणून घाबरवताय!

बबन : नव्वद दिवस म्हटलं असतं तर तू पंधरावर आणलं असतंस. कायमचं म्हटलं, आता नव्वद कमी वाटतात की नाही? मच्छीवालीकडे तू असंच करतेस.

इनास : हा हा! बबन, तू व्हता तसाच हाय रं.

मृणालिनी : काका, तुम्ही हसू नका, माझा जीव जातोय इथे.

बबन : आधी कायमचंच होतं मनात. खरं सांगतो. मग इनासने कागदाचं सांगितलं. आणि मग मलाच वाटलं, पिंकीच्या वेण्या हिरलबेनच्या बहिणीला सारख्या घालता येतील की नाही देव जाणे. नव्वद दिवस बरे.

मृणालिनी : नव्वद दिवस म्हणजे किती दुपारी होतात, कळतंय तुम्हाला?

बबन : नव्वद.

मृणालिनी : मला काय दिसणार त्या नव्वद दुपारी?

बबन : काही नाही दिसणार. पहिले काही दिवस जेवण जाणार नाही तुला. मग जाईल. अकरा महिने बोटीवर असायचो मी, तुझी आई जेवायची.

मृणालिनी : आई माझ्यासारखी नव्हती.

बबन : तुझ्यासारखीच होती. तिच्याकडे मोबाइल नव्हता तेव्हा.

इनास : पोरी, ऐक. पाठव त्याला. मी बगतो त्याच्याकडं, तो बगल माज्याकडं. दोगं म्हातारे हाव. मासे खानार, गप बसनार.

मृणालिनी : काका, तो जिना. दुसऱ्या बाजूला कठडा बसवून घ्या आधी. बाबा येण्याआधी. बसवल्याचा फोटो पाठवा मला.

इनास : बसवतो. बबन येऊन बसवल म्हनत व्हतो.

मृणालिनी : बाबा यायच्या आधी! आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या सकाळी आठला. भिंत ठोकाल तेव्हाच विचारा, घेतली का म्हणून. एवढं तरी करा.

बबन : बघ. भिंतीतूनही येणार हिचा आवाज.

मृणालिनी : येणार. व्हिसाला पत्र लागेल ना घरच्यांचं? की वडील परत येणार आहेत म्हणून?

बबन : नीरज म्हणाला लागतं. तो लिहिणार होता.

मृणालिनी : नीरजचं इंग्लिश मला माहितीये. मी लिहिते. पण एक सांगून ठेवते, तुम्हाला काही झालं आणि मला दुसऱ्या दिवशी पाववालीकडून कळलं, तर मी तुम्हाला दोघांनाही सोडणार नाही. काका, माझा नंबर आहे का तुमच्याकडे?

इनास : न्हाय. बबनचाच हाय.

मृणालिनी : बाबा पडले तर बाबांना फोन करणार का तुम्ही? लिहून घ्या. कागदावर लिहा, मोठ्या अक्षरांत, आणि जिन्यापाशी चिकटवा. बाबा, सांगा त्यांना. मी खिडकीतून बघते, पिंकीच्या डोक्यात टोपी आहे का ते. डास असतात खाली.

बबन : लिही रे इनास. आधी प्लस नाइन वन.

इनास : लिवला. बोल.

बबन : नाइन एट सिक्स. मग परत नाइन. झिरो. टू...

मृणालिनी : बाबा.

बबन : थांब गं, मध्ये बोललीस की चुकतो मी.

मृणालिनी : बाबा, हा आईचा नंबर आहे.

इनास : टू नंतर काय? बबन?

बबन : हो की. तिचाच. दुसरा कुठला पाठच नाही बघ मला. तिने मोबाइल घेतल्यापासून सगळ्या बंदरांतून हाच लावायचो. तुझा मोबाइलमध्ये आहे, बघून सांगतो. चष्मा कुठे ठेवला मी?

मृणालिनी : राहू दे. तोच द्या.

बबन : अगं, तो कधीच बंद झाला असेल.

मृणालिनी : नाही झाला. माझ्याकडेच आहे तो फोन, दर महिन्याला रिचार्ज करते मी.